चिंता आणि चिता

संगणकाच्या धंद्यात असलेल्या माणसाला आपल्या मंडळात एक प्रश्न हमखास येतो: "मॉनिटरचं रेझोल्यूशन किती ठेवायचं हो?" बहुधा भारतातून आई-बाबा आलेले असतात आणि त्यांना पडद्यावरचं मराठी वर्तमानपत्र नीट वाचता येत नसतं. याचं उत्तर थोडं इतिहासात आहे.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला. त्याच्या सीजीए रंगीत पडद्यावर उभे ठिपके, म्हणजे पिक्सेल, जेमतेम २०० आणि मजकुराच्या ओळी २५. भागाकार करा: एका ओळीच्या वाट्याला ८ ठिपके. एबीसीडीला तेवढे पुरतात. पण आपलं काय? मध्ये शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. चाळीतल्या एका खोलीत लग्नाचं वऱ्हाड उतरवण्यासारखंच ते! आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी होती, इतकंच.

१९८७ साली व्हीजीए आलं आणि ओळीला १६ ठिपके मिळाले. पुढच्याच वर्षी पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं जिस्टचं काम तिथे पुढे गेलं आणि जिस्ट कार्ड बसवलं की डॉसवर देवनागरी उमटू लागली.

जुन्या, काचेच्या नळीच्या मॉनिटरवर रेझोल्यूशन कमी केलं की अक्षर मोठं होई आणि फारसं बिघडत नसे. ती सवय अजून गेलेली नाही. सपाट एलसीडी पडद्याचे ठिपके मात्र कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. १२८० बाय १०२४च्या पडद्यावर १०२४ बाय ७६८ लावलं, तर एका ठिपक्याचे आडवे सव्वा ठिपके करावे लागतात. पाव ठिपका काही पेटत नाही. मग शेजारचे ठिपके फिकट रंगवून वेळ मारून नेली जाते. इंग्रजी अक्षर तरीही ओळखू येतं. आपला अनुस्वार शिरोरेषेत विरघळतो आणि "चिंता"ची "चिता" होते!

म्हणून आई-बाबांचा चष्मा बदलण्याआधी मॉनिटरचं मूळ रेझोल्यूशन लावून पाहा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के करा. मग तेच अक्षर जास्त ठिपक्यांनी नव्याने रेखलं जातं. नवा घ्यायचाच असेल तर नुसते इंच पाहू नका. २७ इंची पडदा १९२० बाय १०८०चा असेल तर इंचाला सुमारे ८२ ठिपके, ३८४० बाय २१६०चा असेल तर १६३. इंग्रजी ईमेलला पहिला चालेल. मराठीसाठी मी दुसराच घेईन.