लेखनिकाची मान

कोलकात्यात ज्या जागेस पूर्वी डलहौसी चौक म्हणत, तिचे आजचे नाव बिनय-बादल-दिनेश बाग. तिच्या उत्तरेस एक लांबलचक तांबडी इमारत उभी आहे. तिला राइटर्स बिल्डिंग म्हणतात. हे नाव ऐकून परगावच्या माणसास वाटावे की येथे साहित्यिक राहत असतील. वस्तुतः ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत अगदी खालच्या पायरीवर जे तरुण कारकून असत, त्यांना ‘रायटर’ म्हणत. आणि त्यांच्याकरिता टॉमस लायन याने १७७७ ते १७८० या काळात ही वास्तू उभारली. पुढे ती बंगालचे सचिवालय झाली. २०१३ साली ते सचिवालय हावड्यास हलले. तोवर येथे किती माना कागदावर वाकल्या असतील! आपल्या इतिहासग्रंथांत लढाया येतात, तह येतात. तो तह ज्याने स्वच्छ अक्षरात उतरवला, त्याची मान मात्र कोठे येत नाही.

तिची दखल प्रथम घेतली ती एका वैद्याने. इटलीतील बेर्नार्दिनो रामात्झिनी याने धंद्यांमुळे होणाऱ्या व्याधींवर ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण आहे. अखंड बैठक, हाताची एकसारखी तीच हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, ही तीन कारणे त्याने सांगितली. आजच्या वैद्यासही त्यांत फारसे खोडण्यासारखे काही सापडणार नाही.

राइटर्स बिल्डिंगशी मराठीचेही नाते आहे. कंपनीच्या नव्या अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकविण्यासाठी १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, ते पुढे याच वास्तूत नांदले. तेथे विल्यम केरी मराठी शिकवीत आणि वैजनाथ पंडित त्यांस साह्य करीत. केरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. कोशातले मराठी शब्द मोडी अक्षरांत छापलेले आहेत.

त्या काळी लेखनाच्या दोन बैठका शेजारी शेजारी चालत होत्या. साहेब खुर्चीवर बसून मेजावर वाके. आपला कारकून गादीवर बसे, एक गुडघा उभा करी आणि त्याच्या आधाराने कागद डोळ्यांजवळ आणी. नाहीतर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी पुढे ओढी. पाठीचे हाल दोन्हीकडे होते, हे कबूल केले पाहिजे. पण देशी बैठकीत कागद थोडा तरी माणसाकडे येई; सपाट मेजावर माणसालाच कागदाकडे जावे लागे. मूळ अडचण दोघांची एकच. बोरू असो वा टाक, हात जेथे लिहितो तेथेच डोळ्यांनी पाहावे लागते. हाताला जागा खाली हवी, डोळ्यांना समोर हवी. आणि या भांडणात दंड भरते ती मान.

हे भांडण प्रथम मिटविले टंकयंत्राने. १८८८ साली अमेरिकेत सिनसिनाटी येथे फ्रँक मॅकगरिन याने कळांकडे न पाहता टंकलेखन करून स्पर्धा जिंकली, आणि बोटांनी खाली काम करावे, डोळ्यांनी बाजूच्या मजकुरावर राहावे, ही रीत रूढ होत गेली. १९५५ साली मुंबईत गोदरेजचे देशी टंकयंत्र तयार झाले. त्याच वर्षी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आणलेला, देशातला पहिला संगणक बसला. त्याला मोठी जागा लागे. छिद्रे पाडलेली पत्रे त्यात घालावयाची आणि छापील आकडे घ्यावयाचे. तो कोणाच्या मांडीवर बसेल, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

पण तो बसला. १९८२ साली बिल मॉग्रिज या इंग्रज आरेखकाने घडविलेल्या ‘ग्रिड कंपास’ या यंत्रात पडदा बिजागरीने कळफलकावर मिटू लागला. हे यंत्र अवकाशयानातूनही गेले. तेथे डोक्याला वजनच नसल्याने मानेची तक्रार नव्हती! पृथ्वीवर मात्र आपले मस्तक सुमारे पाच किलो भरते. ते पुढे झुकले की त्याचा भार मणक्यांच्या रेषेबाहेर जातो आणि मानेच्या मागील स्नायूंना तो तासन्‌तास ओढून धरावा लागतो. टंकयंत्राने हात आणि डोळा यांची जी फारकत केली होती, ती लॅपटॉपच्या बिजागरीने पुन्हा मोडली. प्रवासात अर्धा तास हे चालते. दिवसभराच्या कामासाठी ही रचनाच चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे कायद्यासही ठाऊक होते. युरोपीय समुदायाने १९९० साली पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी जे नियम केले, त्यांत कळफलक पडद्यापासून वेगळा असावा असे घातले. सुटसुटीत, हलविता येणाऱ्या यंत्रांना सूट दिली, परंतु ती कामाच्या जागी दीर्घकाळ वापरली जात नसतील तरच. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरच्या जेवणाच्या टेबलांवर कचेऱ्या भरल्या, तेव्हा ही अट कोणाच्या ध्यानात राहिली? मानदुखीला तेल आणि शेक मिळाला. यंत्र होते तेथेच राहिले.

उपाय टंकलेखकाचाच आहे. लॅपटॉप उचलून असा ठेवावा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस यावी. दुभिंगी चष्मा असेल तर किंचित खाली. अंतर हातभर असावे. कळफलक निराळा जोडून तो कोपराच्या उंचीवर घ्यावा, खांदे सैल सोडावेत. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट सरकवावा. अर्ध्या तासाने उठावे, कारण रामात्झिनीचे पहिले कारण कोणत्याही मेजाने दूर होत नाही. उंचीसाठी घडवंची विकत मिळते. जाड ग्रंथांची चळतही चालते. माझ्याकडे हे काम मोल्सवर्थचा कोश करतो. शब्द पाहावयाचा झाला की तेवढे यंत्र खाली उतरवावे लागते.