शिवडीचे रोहित टिपताना

परळ, लालबाग आणि काळाचौकी ओलांडून पूर्वेकडे गेले, की हार्बर मार्गावरील शिवडी स्थानक लागते. स्थानकाच्या पूर्वेस बंदराची गोदामे, मालमोटारींची वर्दळ आणि इंग्रजांनी १६८० मध्ये उभारलेला शिवडीचा किल्ला आहे. किल्ल्याच्या पायथ्यापलीकडे तिवरांची झुडपे आणि त्यांच्याही पुढे ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा विस्तीर्ण चिखलपट्टा. हिवाळा सुरू झाला, की याच चिखलात रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. लोकलमधून उतरून पायी जाता येईल अशा अंतरावर वन्य पक्ष्यांचा एवढा मोठा मेळा भरणारी महानगरे जगात फार थोडी आहेत. त्यामुळे मुंबईतील अनेक हौशी छायाचित्रकारांच्या वन्यजीव छायाचित्रणाचा श्रीगणेशा शिवडीलाच झालेला आहे.

मात्र हे छायाचित्रण वाटते तितके सोपे नाही. जंगलात छायाचित्रकार प्राण्याचा माग काढत पुढे सरकू शकतो. शिवडीत तसे करता येत नाही. गुडघ्याहून खोल रुतणाऱ्या चिखलात पाऊल टाकणे धोक्याचे असते, आणि तसा प्रयत्न केल्यास थवा क्षणार्धात दूर जातो. पक्षी आणि छायाचित्रकार यांच्यातील अंतर येथे समुद्राचे पाणी ठरवते. भरती-ओहोटीचे गणित ज्याला समजले, त्यालाच मनाजोगते छायाचित्र मिळते.

दोन जाती, एक खाडी

शिवडीत रोहित पक्ष्याच्या दोन जाती दिसतात. मोठा रोहित उंचीला सव्वा ते दीड मीटरपर्यंत भरतो. त्याचा रंग पांढुरका, पंखांची किनार गुलाबी-तांबडी आणि चोच फिकट गुलाबी असून तिचे टोक काळे असते. लहान रोहित ऐंशी ते नव्वद सेंटिमीटर उंचीचा, अंगाने अधिक गडद गुलाबी आणि काळपट-तांबड्या चोचीचा असतो. ठाणे खाडीत संख्येने लहान रोहितच अधिक असतात. जागतिक पातळीवर ही जात ‘संकटसमीप’ गटात मोडते. करड्या-तपकिरी रंगाचे पक्षी थव्यात दिसल्यास ती वेगळी जात न समजता अल्पवयीन पक्षी समजावेत.

मान खाली घालून, चोच उलटी धरून पाण्यातील अन्न गाळून घेण्याची या पक्ष्यांची रीत आहे. लहान रोहित प्रामुख्याने सूक्ष्म शेवाळावर जगतो. मोठा रोहित कोळंबीवर्गीय लहान जीव, शिंपले आणि किडेही खातो. शेवाळातून आणि त्यावर पोसलेल्या जीवांतून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे त्यांच्या पिसांना गुलाबी रंग चढतो. म्हणजे छायाचित्रकाराला मोहवणारा रंग हा त्या चिखलातील अन्नाचाच रंग आहे.

हे थवे मोठ्या संख्येने येथे येऊ लागले ते १९९०च्या दशकापासून. महानगराच्या सांडपाण्यातून खाडीत येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे शेवाळ वाढले आणि त्यामुळे पक्षी आकर्षित झाले, असे अभ्यासक मानतात. कच्छच्या रणातील त्यांच्या विणीची माहिती मात्र त्याहून बरीच जुनी आहे. गिरगावातील खेतवाडीत लहानाचे मोठे झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९४०च्या दशकात रणातील वसाहतीला भेट देऊन तेथील घरट्यांविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले होते. चिखलाचे ढीग रचून केलेली हजारो घरटी असलेली ती वसाहत ‘फ्लेमिंगो सिटी’ या नावाने ओळखली जाते. २०२२ मध्ये सोसायटीने ठाणे खाडीतील काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाच्या साह्याने माग देणारी यंत्रे बसवली. त्यांपैकी एक पक्षी गुजरातेत भावनगरच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा याच खाडीत परतल्याचे आढळले.

तिथीवरून भरती

हे पक्षी साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरीपर्यंत मुंबईत असतात. जानेवारी ते एप्रिल हे महिने छायाचित्रणास उत्तम. महिना निश्चित झाल्यावर दिवस आणि वेळ ठरवण्यासाठी कोळीवाड्यातील जुना आडाखा उपयोगी पडतो. चालू तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ अदमासाने कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, तर पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते. दिवसातून दोनदा भरती येते आणि दररोज ती सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी पाहून आधी अंदाज बांधावा आणि निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यावरून नेमकी वेळ पडताळून घ्यावी.

पूर्ण ओहोटीला थवे पाण्याच्या कडेने दूर आत जातात. अशा वेळी दुर्बिणीतूनही केवळ गुलाबी रेघ दिसते. पूर्ण भरतीला सारा चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी विसाव्यासाठी अन्यत्र सरकतात. या दोहोंमधील काळ छायाचित्रकाराचा. पाणी चढत असताना ते पक्ष्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणते. उतरू लागते तेव्हा किनाऱ्यालगतचा चिखल प्रथम उघडा पडतो आणि पक्षी तेथे येऊन मग पाण्यामागे हळूहळू दूर जातात.

याला प्रकाशाची जोड द्यावी लागते. शिवडीचा किनारा पूर्वाभिमुख आहे. सकाळी सूर्य समोर असतो, त्यामुळे पक्षी काळ्या आकृतींसारखे दिसतात आणि रंग हरवतो. दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो व पिसांचा गुलाबी रंग खुलतो. षष्ठी-सप्तमीच्या सुमारास चार-पाच वाजता भरती असल्याने, उतरत्या उन्हात थवा किनाऱ्याकडे सरकताना मिळतो. हे दिवस भांगाच्या भरतीचे असल्यामुळे पाणी फार आत येत नाही. पक्षी थोडे दूर असतात, पण बराच वेळ स्थिर राहतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरती दुपारी बाराच्या आसपास संपते. त्यानंतर दीड-दोन वाजल्यापासून काही काळ पक्षी सर्वांत जवळ असतात. तेव्हा ऊन प्रखर असते, पण अंतर कमी असल्याने चोचीचे व पायांचे तपशील टिपता येतात. चित्र थव्याचे हवे की एकेका पक्ष्याचे, हे आधी ठरवून तिथी निवडावी.

कॅमेऱ्याची तयारी

चारशे ते सहाशे मिलिमीटरची दूरभिंग या कामास योग्य होय. थव्याचे आणि परिसराचे एकत्रित चित्र घेण्यासाठी लहान भिंगही जवळ असावे. जड भिंग हातात धरून तासन् तास थांबणे कठीण असल्याने तिपाई किंवा एकपायी आधार आणावा. काळसर चिखलावर उजळ पक्षी असतील तेव्हा कॅमेऱ्याचे प्रकाशमापन चिखलाच्या हिशेबाने चालते आणि पिसांचा रंग उडून पांढरा पडतो. अशा वेळी प्रकाश अर्धा ते एक पायरी कमी ठेवावा. चमकत्या पाण्यावर नेमके उलटे करावे. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून अधिक हवा. भर दुपारी तापलेल्या चिखलावरून उठणाऱ्या झळांमुळे दूरची चित्रे थरथरल्यासारखी येतात. हा भिंगाचा दोष नव्हे. अंतर कमी होण्याची वाट पाहणे, हाच त्यावर उपाय.

फक्त रोहितांवरच नजर ठेवणारा बरेच काही गमावतो. त्याच चिखलात पाणटिवळे, तुतारी, चिखले, शेकाटे आणि कुरव चरत असतात. तिवरांच्या मुळांजवळ निवट्या उड्या मारत असतात. पाणी चढण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ यांच्या निरीक्षणात सार्थकी लागतो.

उडवलेल्या थव्याची किंमत

पंख उघडलेल्या गुलाबी थव्याचे छायाचित्र सर्वांनाच हवे असते. त्यासाठी काही जण दगड मारतात, ओरडतात किंवा होडी थव्यात घालतात. त्याचे परिणाम किनाऱ्यावरून दिसत नाहीत. भरती-ओहोटीमुळे या पक्ष्यांना चरण्यास दिवसातील ठरावीक तासच मिळतात. त्या वेळी थवा उडाला, की अन्न तुटते आणि साठवलेली शक्तीही खर्ची पडते. हीच शक्ती त्यांना शेकडो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासाला लागणार असते. चरणाऱ्या पक्ष्यांनी एकदम माना वर केल्या आणि सारा थवा एका दिशेने चालू लागला, तर आपण मर्यादा ओलांडली असे समजावे व मागे सरकावे. ड्रोन तर वर्ज्यच मानावा. पक्षी स्वतःहूनही उडतात. भरती चढताना ते जागा बदलतातच, आणि त्या क्षणासाठी थांबणाऱ्याला तेच छायाचित्र मिळते.

शिवडीची जेट्टी व आसपासचा परिसर बंदराच्या हद्दीत आहे. तेथील सूचना व निर्बंध पाळावेत. ज्यांना अधिक जवळून पाहायचे आहे त्यांच्यासाठी ऐरोली येथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून खाडीत बोटीची फेरी उपलब्ध करून दिली जाते.

चौकटीत काय ठेवावे?

ठाणे खाडीचा सुमारे १६९० हेक्टरचा उत्तरेकडील भाग ६ ऑगस्ट २०१५ रोजी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये त्याला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. शिवडीचा चिखलपट्टा मात्र या अभयारण्याच्या सीमेत येत नाही. तेथूनच सुरू होणारा, सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. पक्ष्यांना त्रास कमी व्हावा म्हणून सेतूच्या कडेने ध्वनिरोधक बसवण्यात आले आहेत.

या पार्श्वभूमीवर छायाचित्रकाराची जबाबदारी वाढते. पक्ष्यांच्या पाठीमागे दिसणारे सेतूचे खांब, तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी आणि नांगरलेली जहाजे चौकटीतून वगळण्याकडे अनेकांचा कल असतो. पण शिवडीच्या रोहितांचा नैसर्गिक अधिवास हाच आहे. ती धुराडी वगळली, तर ते छायाचित्र आफ्रिकेतील एखाद्या सरोवराचेही वाटू शकते, आणि मुंबईच्या खाडीत काय होते याचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग उरत नाही. काही छायाचित्रे तरी परिसरासह घ्यावीत. प्रत्येकाची तारीख, वेळ, ठिकाण आणि पक्ष्यांची अंदाजे संख्या नोंदवून ठेवावी. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडे दिसल्यास त्यावरील अक्षरे वाचता येतील असे छायाचित्र घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. त्यावरून त्या पक्ष्याच्या प्रवासाचा एक टप्पा निश्चित होतो. एकाच ठिकाणाहून, एकाच तिथीला, दरवर्षी घेतलेली अशी छायाचित्रे जपून ठेवली, तर शिवडीतील थवे वाढले की घटले, जवळ आले की दूर गेले, याचे उत्तर पुढील पिढीला अंदाजावर सोडावे लागणार नाही.