कोल्हापुरी चप्पल : हाताने शिकण्याची विद्या

कोल्हापुरी चप्पल सर्वपरिचित आहे. ती घडविणारी विद्या मात्र तितकीशी परिचित नाही. चर्मकारांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, पाहत पाहत ती पिढ्यान्‌पिढ्या आत्मसात केली जाते. कापशी, पुकरी, बक्कलनाली, कच्छकडी ही या चपलांच्या प्रकारांची काही नावे.

शिकणाऱ्याला प्रथम कातडे ओळखावे लागते. तळासाठी म्हशीचे जाड, तर वेणीसाठी शेळीचे मऊ कातडे वापरतात. पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्काने ते कमावले जाते. त्यासाठी कातडे पिशवीसारखे शिवून त्यात अर्क भरतात व पिशवी टांगून ठेवतात. एकाच कातड्याचा पाठीकडील भाग घट्ट, तर पोटाकडील सैल असतो. ही पारख चुकली, तर तळ लवकरच पसरतो.

त्यानंतर रापीने कापणे येते. भिजवून मऊ केलेल्या कातड्यातून डाव्या-उजव्या पायांचे तळ जुळतील असे कापावे लागतात. चुकीचा काप दुरुस्त होत नाही. दोन्ही बाजूंचे ‘कान’ तळाच्या थरांमध्ये बसवून, आरीने छिद्रे पाडून, चामड्याच्या वादीने शिवतात. खिळा वापरला जात नाही. छिद्रे फार जवळ पडली तर कातडे फाटते, दूर पडली तर थर सुटतात. हे अंतर मोजपट्टीने नव्हे, सरावाने साधते. वेणी विणणे व नक्षीची शिलाई ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४-१९२२) या व्यवसायाला राजाश्रय लाभला. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच चपला मूळ उल्लेखाविना सादर केल्याने वाद उद्भवला. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्यात कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही समावेश आहे.

तथापि मानांकन नावाचे रक्षण करते, कौशल्याचे नव्हे. यंत्रावर तयार होणाऱ्या स्वस्त नकला आणि कच्च्या मालाची टंचाई यांमुळे हातकामाला पुरेसा मोबदला मिळणे कठीण झाले आहे. शिवाय या व्यवसायाला चिकटलेली जातीची अवहेलनाही नव्या पिढीला त्यापासून दूर नेते. मुलांनी दुसरी वाट धरली, तर त्यांना दोष देता येणार नाही. म्हणूनच ही विद्या टिकवायची असेल, तर शिकण्याच्या काळातही पोट भरेल असे वेतन आणि शिकविणाऱ्याला गुरूचा मान, या दोन्हींची तजवीज व्हायला हवी.