पंख्याचे बटण कोणाच्या हाती?

काही मोटारसायकलींच्या हँडलवर एक जादा बटण दिसते. कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा ते नसते. मालकाने मागाहून गॅरेजात जाऊन ते बसवून घेतलेले असते. ते दाबले की रेडिएटरमागचा विजेचा पंखा, गाडीची इच्छा असो वा नसो, फिरू लागतो. बटणाची कामगिरी एवढीच. एवढ्याशा वस्तूवर व्याख्यानमालेतील एक संध्याकाळ खर्ची घालावी काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु आमचे आयुष्य यंत्रांजवळ उभ्या राहणाऱ्या माणसांत गेले. यंत्र कधी चालू करावयाचे आणि कधी बंद, हे ठरवावयाचे कोणी, या प्रश्नावर झालेली भांडणे आम्ही जवळून पाहिली आहेत. ह्या बटणात तोच प्रश्न आहे.

प्रथम उष्णतेचे पाहू. इंजिनात पेट्रोल जळते, त्याचा जेमतेम चौथा किंवा तिसरा हिस्सा चाकापर्यंत कामाला येतो. बाकीचा उष्णता होऊन जातो, आणि ती बाहेर काढली नाही तर इंजिन स्वतःलाच खाते. जुन्या गाड्यांनी यावर सोपा उपाय योजला. सिलिंडरला बाहेरून पातळ पाकळ्या काढल्या. गॅरेजवाले त्यांना फिन म्हणतात. गाडी धावत असेल तोवर वारा फुकट मिळतो. गाडी थांबली की वाराही थांबतो, इंजिन मात्र जळतच असते. मोटारसायकल थंड ठेवण्याचा सारा इतिहास म्हणजे या उभ्या गाडीची चिंता होय.

पाण्याचा उपाय काही नवा नाही. म्युनिकच्या हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांनी १८९४ साली मोटारसायकल विक्रीसाठी काढली. संख्येने तयार झालेली मोटारसायकल ती हीच पहिली, आणि तिचे इंजिन पाण्याने थंड होई. पाण्याची टाकी कोठे ठेवावी? त्यांनी मागच्या चाकावरचे मडगार्डच पोकळ करून त्यात पाणी भरले! पुढे यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट याने १९०८ साली कंपनी काढली. त्याच्या गाडीत पाणी फिरवावयास पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये निवून जड झाले की खाली उतरे. चुलीवरच्या पातेल्यात जे घडते तेच. याच गाड्यांनी १९१२ आणि १९१३ साली आइल ऑफ मॅनची मोठी शर्यत जिंकली.

त्या काळच्या स्वाराचे हात मात्र सदा गुंतलेले असत. ठिणगी केव्हा पडावी याची एक दांडी, हवा किती घ्यावी याची दुसरी, आणि अधूनमधून हाताने पंप दाबून इंजिनाला तेल पाजावयाचे. चढावर इंजिन ठोके देऊ लागले की ठिणगी मागे घ्यावयाची, सपाटीला लागले की पुढे. याची अंधुक आठवण आपल्याकडील वडीलधाऱ्यांना असेल. १९५५ सालापासून मद्रासेत तयार होऊ लागलेल्या बुलेटला किक मारणे ही एक विद्याच होती. डिकॉम्प्रेसर दाबून अँपिअरचा काटा मध्यावर आणावयाचा आणि मग पाय टाकावयाचा. न शिकलेल्याची नडगी फुटे. हा त्रास होता, त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण आपले इंजिन या घडीस कोणत्या अवस्थेत आहे हे त्या स्वाराला ठाऊक असे.

पंखा आला तो प्रथम इंजिनालाच बांधलेला. १९४६ च्या इटालियन व्हेस्पात इंजिन पत्र्याखाली झाकले गेले, तेव्हा वारा पोहोचवण्यासाठी फ्लायव्हीलवरच पाती बसवली. आकुर्डीची चेतक १९७२ पासून त्याच तत्त्वावर चालली. या पंख्याचा गुण असा की तो कधी विसरत नाही. दोष असा की इंजिन मंद झाले की तोही मंद होतो. वारा हवा असतो नेमक्या त्याच वेळी!

विजेच्या पंख्याने ही बेडी तोडली. १९७४ साली होंडाने गोल्डविंग ही अवजड गाडी दाखवली, तिच्या रेडिएटरला विजेचा पंखा होता. आपल्या रस्त्यांवर २००८ च्या यामाहा आर-१५ नंतर, आणि विशेषतः २०१२ साली चाकणहून ड्यूक व पल्सर या दोनशे सीसीच्या गाड्या निघू लागल्यानंतर रेडिएटर आणि पंखा तरुणांच्या बोलण्यात आला. हा पंखा इंजिनाचा बांधलेला नाही. पण तो स्वाराचाही नाही. पाण्याची उष्णता ठरलेल्या अंशावर गेली, बहुधा शंभराच्या आसपास, की एक लहानसे उपकरण त्याला हुकूम सोडते. काही अंश उतरली की थांबवते.

या उपकरणाच्या कुळाचा मूळपुरुष कोण हे आम्ही शोधू लागलो, आणि गाठ पडली ती जुन्या ओळखीच्या माणसाशी. उष्णतेने वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीचे तापनियंत्रक १८३० साली पेटंट करून त्याला थर्मोस्टॅट हे नाव देणारे गृहस्थ म्हणजे डॉक्टर अँड्र्यू यूर. कामगार चळवळीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे ते या नावावर थबकतील. १८३५ साली कारखानदारीच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहून गिरणी म्हणजे एक विराट स्वयंचलित देह आहे असे सांगणारे हेच ते. ज्यांच्यावर पुढे मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये कोरडे ओढले तेही हेच. गंमत अशी की याच यूरसाहेबांनी ग्लासगोत कारागिरांसाठी रसायनशास्त्राची व्याख्याने दिली होती. व्याख्यानमालेचे वक्ते सर्वच श्रोत्यांच्या बाजूचे असतात असे नाही!

त्या ग्रंथात त्यांनी रिचर्ड रॉबर्ट्सच्या स्वयंचलित म्यूलचे, म्हणजे सूत कातण्याच्या साच्याचे, कौतुक केले आहे. मँचेस्टरच्या आसपास सूतकात्यांनी संप केला, मालक रॉबर्ट्सकडे गेले, आणि त्याने १८२५ मध्ये व सुधारून १८३० मध्ये पेटंट घेतले. संप करणाऱ्या हातांची गरजच उरू नये हा हेतू, आणि यूरसाहेब तो लपवीत नाहीत. घडले मात्र वेगळे. साचा आपोआप चालू लागला तरी त्याच्याजवळ जाणता माणूस लागलाच. धागा कोठे तुटतो, दमट दिवशी सूत कसे वागते, हे यंत्राला कळेना. म्यूलवरचा कातारी टिकला, त्याची मजुरी टिकली, आणि १८७० साली लँकेशायरच्या या कातार्‍यांची एकत्रित संघटना उभी राहिली, ती त्या देशातील बळकट संघटनांत गणली गेली. मुंबईच्या त्रासनखात्यात काम केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

आता थर्मोस्टॅटला न्याय देऊ. तो झोपत नाही, कंटाळत नाही, सिग्नलला उभा असताना फोनवर बोलत नाही. स्वाराच्या भरवशावर पंखा सोडला असता तर कितीतरी इंजिनांची गॅस्केट गेली असती. पण त्याचे ज्ञान ज्या पाण्यात त्याचे टोक बुडालेले आहे तेवढ्यापुरतेच. रविवारी सिंहगडाच्या चढावर मोटारींच्या रांगेमागे पहिल्या गिअरमध्ये सरकणाऱ्या स्वाराला समोरची अर्धा मैलाची रांग दिसते. पुढची वीस मिनिटे वारा मिळणार नाही हे त्याला कळते. उपकरणाला ते पाणी तापल्यावरच कळते. शिवाय ते उपकरण स्वतः बिघडले तर? त्याची वार्ता स्वाराला वाफेनेच मिळते. ओढा ओलांडताना फिरती पाती पाण्यात आपटून मोडतात, तेथे उलट पंखा बंद हवा असतो. म्हणून लांब पल्ल्याचे स्वार बटण बसवतात.

बटणाकडून भलती अपेक्षाही करू नये. पंखा इंजिनाची उष्णता कमी करीत नाही, ती लवकर बाहेर टाकतो. गुडघ्यावरची धग त्याने नाहीशी होणार नाही. थंड इंजिनात पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडपच मिटलेली असते, तेव्हा पंखा फिरवणे व्यर्थ. भरधाव गाडीतही व्यर्थ. आणि इंजिन बंद करून पंखा चालू ठेवला तर बॅटरी बसते, म्हणून बटणाची वीज चावी फिरवल्यावरच मिळेल अशा तारेवरून घ्यावी, वेगळा फ्यूज घालावा, आणि पंख्याचा भार बटणावर न टाकता रिलेवर टाकावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जोडणीची. काहीजण मूळ तार कापून पंखा सर्वस्वी बटणावर आणतात. आम्हाला हे पसंत नाही. नवी तार जुन्या हुकुमाला समांतर असावी: दोघांपैकी कोणीही हुकूम दिला तरी पंखा फिरावा, आणि स्वाराने बटण सोडले तरी उपकरणाची राखण चालूच राहावी. ओढ्यासाठी बंद करावयाची सोय हवी असेल तर ती निराळी ठेवावी, चुकून हात लागणार नाही अशी. नव्या गाड्यांत पाण्याचा ताप मोजणारी तार इंजिनाच्या संगणकाकडे जाते आणि पेट्रोलचे प्रमाणही तिच्यावरून ठरते. तिला हात लावू नये, पंख्याच्या रिलेशीच काम ठेवावे.

राहता राहिला वॉरंटीचा कागद. वायरिंगला परक्याचा हात लागला की हमी गेली, असे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकावे लागते. ज्यांना धीर धरवतो ते मुदत संपेपर्यंत थांबतात. ज्यांना धरवत नाही ते नाना पेठेतून प्लग आणून मूळची एकही तार न कापता जोडणी करवून घेतात, आणि सर्व्हिसिंगच्या आदल्या संध्याकाळी सारे सोडवून घरी डब्यात ठेवतात.