राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन
महाराष्ट्रातील बालकुपोषण कमी करण्यासाठी राज्य शासनाने २००५ मध्ये सुरू केलेला उपक्रम. त्यास युनिसेफचे साहाय्य लाभले. वयाच्या मानाने उंची कमी राहणे, म्हणजे वाढ खुंटणे, हे दीर्घकालीन उपासमारीचे, वारंवारच्या आजारांचे आणि मातेच्या अशक्तपणाचे लक्षण होय. ती खुंटलेली वाढ नंतर सहसा भरून येत नाही. म्हणून गर्भधारणेपासूनच्या पहिल्या १,००० दिवसांवर मिशनने दिलेला भर योग्यच होता. दोन वर्षांखालील खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये सुमारे २४ टक्क्यांवर आले. ही घट असामान्य होती. पुढे वेग टिकला नाही: पाच वर्षांखालील प्रमाण २०१९-२१ मध्येही ३५ टक्के होते. आदिवासी भागांसाठी २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली. तीत गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण मिळते.