पांढरा चट्टा : केराटिन, पेशींचे मरण आणि विडी कामगार

विडी कामगारांच्या चळवळीत आमची उमेद गेली. शाळा वाट्याला फारशी आली नाही. जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाने केराटिन नावाच्या प्रथिनाविषयी बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. पण या विषयाने आमचीच वाट अडवली. काही वर्षांपूर्वी हजारी दराची बैठक आटोपल्यावर एका वृद्ध बाईने गालाचा आतला भाग दाखवून विचारले, "भाऊ, हा पांढरा चट्टा कसला? दुखत तर नाही." तंबाखू गालात धरण्याची तिला जुनी सवय. आम्ही म्हणालो, "दुखत नाही ना मावशी? मग घाबरू नका." ते उत्तर किती चुकीचे होते, हे आम्हांस वाचनानंतर कळले.

केराटिन म्हणजे नखांचे, केसांचे, शिंगांचे द्रव्य. ग्रीक भाषेतील शिंग या शब्दावरूनच त्याला हे नाव पडले. कातडीच्या तळाशी पेशी जन्मते, वर सरकताना तिच्या अंगी केराटिनचे तंतू भरतात आणि पृष्ठभागी पोचते तेव्हा ती मेलेली असते. या मेलेल्यांच्या भिंतीआड आपण जगतो. हातांवरचे घट्टे याच द्रव्याचे. गालाच्या आतल्या ओल्या अस्तराला मात्र असे कवच सहसा नसते. तंबाखूचा दाह वर्षानुवर्षे झाला म्हणजे तेथेही केराटिनचा थर चढतो आणि तो पांढरा दिसतो. तोंडाला पडलेला घट्टाच तो! प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही. काहींचा होतो, आणि कोणत्या चट्ट्याचा होईल हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

हे ज्ञान आपल्याकडे कसे आले? १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहून ते थांबले नाहीत. हा माणूस काय खातो, काय नेसतो, असेही त्यांनी विचारले. १९४५ साली त्यांनी व सूर्याबाई यांनी लोकांच्या चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेला होणारा कर्करोग त्यांतलाच. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. याच बाईंनी १९८९ साली आपल्या जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सत्यनिकेतन संस्थेच्या साहाय्याने, आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली.

१९७२ साली केर, वायली व करी या तिघा शास्त्रज्ञांनी पेशीच्या शिस्तबद्ध मरणाला 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. अशा मरणात ठराविक विकरे केराटिन १८ या तंतूला ठराविक जागी कापतात, आणि तो कापलेला तुकडा रक्तात शोधता येतो. कर्करोगाची पेशी हे मरण चुकविते. केराटिन ८ व १८ ही जोडी यकृतासारख्या अवयवांची. तेथे ती पेशीला मरणापासून सावरते. निरोगी गालात तिला एरवी जागा नाही, परंतु तोंडाच्या कर्करोगात ती आढळते. याच जोडीवर मिलिंद वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत काम केले. २००२ साली ही संस्था खारघरला गेली. प्रयोगशाळेत तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींतून ही प्रथिने घटविली, तेव्हा त्यांचा आक्रमकपणाही घटला.

आता आमच्याकडे वळतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी नगरचा विडी धंदा आपल्या बोटांवर तोलला. १९६६ च्या कायद्याने कामाचे तास व रजा दिल्या, १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी दिला. आम्ही हजारी दरासाठी भांडलो, छाटाईवर भांडलो. पण तोंडाची तपासणी मागणीपत्रात घातली नाही. तंबाखूविरुद्ध बोलणे म्हणजे आपल्याच बायांच्या पोटावर पाय देणे, असे आम्हांस वाटे. त्या मावशी अखेर मुंबईस गेल्या, तेव्हा उशीर झाला होता.

तीन आठवड्यांत न जाणारा चट्टा वा व्रण डॉक्टरांस दाखवावा, एवढे तरी येथून घेऊन जा. पोट आणि तोंड ही एकाच देहाची. एकासाठी दुसऱ्याचा बळी देणारी मजुरी पुरी मजुरी नव्हे, हे आम्हांस उशिरा उमगले.