गिट : संकेतस्थळांच्या डिप्लॉयमेंटमधील वापर

गिट ही कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी मुक्तस्रोत आवृत्ती-नियंत्रण प्रणाली. लिनक्स कर्नलच्या विकासकांना मिळणारी बिटकीपर या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीची मोफत सवलत बंद झाल्यावर लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ती लिहायला घेतली. त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनिओ हामानो तिची देखभाल करतात.

पूर्वसुरी : एससीसीएस, आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन.

डिप्लॉयमेंट : एफटीपीने एकेक फाइल चढवण्याच्या पद्धतीचा मूळ दोष संथपणा हा नाही. एखादी फाइल चढवायची राहते, एखादी दुरुस्ती परस्पर सर्व्हरवरच होते आणि सर्व्हरवर नेमके काय चालू आहे हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. गिटमधील प्रत्येक कमिटला तिच्या आशयावरून स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. संकेतस्थळ त्या क्रमांकाशी बांधले की या प्रश्नाचे उत्तर मिळते. सर्वांत साधी रचना अशी : सर्व्हरवर ‘बेअर’ (कामाच्या फाइलींशिवाय फक्त इतिहास ठेवणारी) रिपॉझिटरी तयार करायची आणि तिच्या ‘हुक्स’ फोल्डरमध्ये ‘पोस्ट-रिसीव्ह’ नावाची स्क्रिप्ट ठेवायची. पुश पोहोचताच स्क्रिप्ट ठरलेल्या ब्रँचमधील फाइली संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये मांडते. स्क्रिप्टला एक्झिक्युट परवानगी दिली नसेल तर पुश यशस्वी होतो, संकेतस्थळ मात्र जुनेच राहते. रिपॉझिटरी संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर ठेवणेच श्रेयस्कर, कारण ‘.गिट’ फोल्डर ब्राउझरला उघडा राहिला तर कोडचा सगळा इतिहास कोणालाही उतरवून घेता येतो.

आक्षेप : गिट हे डिप्लॉयमेंटचे साधन नव्हे, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. डेटाबेस, वापरकर्त्यांनी चढवलेली छायाचित्रे, फाइलींची मालकी यांपैकी काहीच गिट सांभाळत नाही. कमिट मागे घेतली तरी डेटाबेसमधून काढलेला कॉलम परत येत नाही. पासवर्ड एकदा कमिट झाला की फाइल पुसूनही तो इतिहासात उरतो, म्हणून तो बदलावाच लागतो. परंतु यातून सिद्ध होते ते एवढेच की मायग्रेशन, बॅकअप आणि गुप्त माहितीची वेगळी साठवण यांची जोड हवी. कॅपिस्ट्रानोसारखी खास डिप्लॉयमेंटसाठी घडवलेली साधनेही आपली सुरुवात रिपॉझिटरीतील ठरावीक आवृत्तीपासूनच करतात. एकट्याने चालवलेल्या लहान संकेतस्थळाला हा खटाटोप जड वाटतो. पण तिथे चूक शोधून देणारे दुसरे कोणी नसते, त्यामुळे नोंदीची गरज तिथेही तितकीच असते.

गिटवर आधारित डिप्लॉयमेंट सेवा : हेरोकू, गिटहब पेजेस (२००८).